दार वाजवून येणारा

खोटंच सांगायचं असतं तर मी मध्यरात्र निवडली असती.

हे घडलं ते मार्चमधल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. बाहेर लख्ख ऊन होतं. शाळा सुटलेली पोरं फुटपाथवर आइस्क्रीम खात उभी होती. आणि त्यांच्या पायाखाली, एका तळघरात, आम्ही तिघं होतो. मी, माझी ताई आणि मास्तर.

तिघंच.

मी ते मनात शंभरदा मोजलंय.

मी चष्मे बनवतो. स्वतःचं छोटं दुकान आहे. नंबर काढायचा, काच घासायची, फ्रेम बसवायची. डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं, असं मानून चाळीशी गाठलेला माणूस. आजही कुणी विचारलं की भूत असतं का, तर ‘असतं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण त्या तळघरात मी परत जाणार नाही. कुणी लाख दिले तरी नाही.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती पुस्तकं वाचते. म्हणजे तो तिचा कामधंदाच होता. लोक मोबाईलवर पुस्तकं ऐकतात ना, त्यातला आवाज तिचा. शिंप्याच्या दुकानाखाली तळघरात तो स्टुडिओ. आत एक काळी खोली, जेमतेम पलंगाएवढी. भिंतींना फोम, छताला फोम, दाराच्या आतल्या बाजूलाही फोम. एक स्टूल, एक माईक. समोर दुहेरी काच आणि काचेपलीकडे मास्तर.

मास्तर रेकॉर्डिंग करायचे. आल्यागेल्याचे उच्चार सुधारायची त्यांना खोड, म्हणून ते मास्तर. स्टुडिओचे मालक पण त्यांना घाबरून असायचे.

त्या खोलीत कागद न्यायचा नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. कागद वाजतो. ताई टॅबवरून वाचायची. बोटाने पान सरकवलं की झालं. आवाज शून्य.

हे लक्षात ठेवा.

ताईला सगळ्यात जास्त मागणी होती ती एकाच प्रकारच्या पुस्तकांसाठी. भुताच्या प्रेमकथा. घाबरवणाऱ्या नाहीत, हलक्याफुलक्या. एक केक बनवणारी मुलगी जुन्या फ्लॅटमध्ये राहायला येते. तिथे आधीच एक भूत राहत असतं. देखणं, जरा बावळट, चाळीस वर्षांपूर्वी मेलेलं. त्याला मायक्रोवेव्ह कळत नाही. व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला की ते कपाटावर चढून बसतं. तिचा चष्मा लपवतं आणि मग स्वतःच शोधून देतं. भिंतीतून आरपार येता येत असूनही दर वेळी दार वाजवतं. विचारतं, येऊ का?

पाच भाग निघाले होते. लोक वेडे झाले होते त्यापायी. ताईला पत्रं यायची. एका नर्सने लिहिलं होतं की दिवसभर वॉर्डात माणसं मरताना बघते आणि घरी येऊन तुमचं भूत ऐकत झोपते.

मी ताईची टिंगल करायचो. एकदा विचारलं, एवढं काय ठेवलंय त्यात? शेवट तर पहिल्या पानावरच कळतो.

ती सफरचंद चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणूनच तर. आणि बाकी सगळीकडे मेलेला माणूस मेलेलाच राहतो रे. यात तो निदान भांडायला तरी परत येतो.”

मी टिंगल तिथेच सोडली.

कारण भाऊजींना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. रविवारी दुपारी जरा पडतो म्हणाले. ताईने सहा वाजेपर्यंत उठवलं नाही, दमले असतील म्हणून. सहाला चहा घेऊन गेली...

ते उठलेच नाहीत.

मूलबाळ नाही. मोठं घर. ती एकटी.

जानेवारीत मास्तर माझ्या दुकानात आले. फ्रेमची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळत होतो तेव्हा त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं की ताईंची तब्येत बरी आहे ना.

मी हातातलं काम थांबवलं.

मग त्यांनी सांगितलं. सहाव्या भागाचं रेकॉर्डिंग चालू झाल्यापासून ट्रॅकवर आवाज येत होते. आधी पानं उलटण्याचा. स्पष्ट, कोरड्या कागदाचा. त्यांनी ताईंना विचारलं, आत पुस्तक नेलंय का. नव्हतं नेलं. त्यांनी स्वतः खोली तपासली. स्टूल उलटं केलं. एक चिटोरा सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि पान उलटायचं ते ताईंचं वाक्य संपायच्या जरा आधी.

जसं शेजारी बसून कुणी वाचतंय... आणि त्याचं वाचून आधी होतंय.

मी म्हटलं, माईक खराब असेल. मास्तर म्हणाले, तीन माईक बदलले.

मग ट्रॅकवर हसू यायला लागलं. विनोदाच्या जागी. हळू, नाकातल्या नाकात, पुरुषाचं. मास्तरांना आधी वाटलं बाहेरचा आवाज शिरतोय. त्यांनी तो कापून टाकला. पण कापता कापता त्यांच्या लक्षात आलं की ताई विनोद वाचतात दहाव्या सेकंदाला... आणि हसू येतं आठव्या.

चष्मा डोळ्यांवर चढवून मास्तर जायला निघाले. दारात थांबले. त्यांना सगळ्यात जास्त कशाची भीती वाटत होती ते त्यांनी तेव्हा सांगितलं. ते हसू पुसून टाकू नका, असं ताई म्हणाली होती. तेवढेच तुकडे वेगळे काढून मागितले होते तिने.

आणि घरी नेले होते.

मी त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो. दोन महिन्यांत ती आमच्याकडे जेवायला आली नव्हती. काम आहे, घसा बसलाय, उद्या येते. आम्हीही फार खोदून विचारलं नाही. माझ्या संसाराच्या रगाड्यात मला ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू.

तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. बेल वाजवणार, तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. वाचत होती. सराव करत असेल म्हणून मी किल्लीने दार उघडून आत गेलो.

“आणि तुम्हाला काय वाटलं, मी घाबरेन?” ती वाचत होती.

मग ती थांबली.

चार-पाच सेकंद. एखादं वाक्य बोलून होईल एवढा वेळ.

मग ती हसली आणि पुढचं वाचलं. “पुरे. केक करपतोय.”

पुन्हा थांबली.

मी चपला हातात घेऊन तसाच उभा. ती फक्त त्या मुलीची वाक्यं वाचत होती. भुताची वाक्यं ती सोडून देत होती.

त्यांना जागा देत होती.

आणि त्या जागेत... मला काहीही ऐकू येत नव्हतं. पंख्याचा आवाजही नाही. पंखा तर फिरत होता.

मी हाक मारली तशी ती दचकली नाही. म्हणाली, ये, चहा ठेवते. मी तिला नीट पाहिलं. हाडं वर आली होती. गळ्याखालची हाडं मोजता आली असती. चेहरा मात्र लग्न ठरलेल्या मुलीसारखा. टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. एक काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

तिला मी चष्म्याची दोरी करून दिली होती, सतत हरवते म्हणून. ती दोरी गळ्यात नव्हती. विचारलं तर म्हणाली, आता लागत नाही. हरवला तर हे शोधून देतात.

‘हे.’

तिने सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही, उलट कुणाला तरी सांगायला ती आसुसली होती. सहाव्या भागात ती मुलगी भुताशी टकटक करून बोलते. एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ताईने माईकसमोर तो प्रश्न वाचला आणि उत्तर आलं. भिंतीतून. आता घरीही येतं, कपाटाच्या मागच्या फळीतून. तुम्हीच आहात का, विचारलं. टक. माझ्यावर रागावलात का, त्या दिवशी उठवलं नाही म्हणून? हेही विचारलं. आधी खूप वेळ काही नाही... मग तिने उलटं विचारलं, मला माफ केलंत ना? टक.

हे सांगताना ती रडत होती आणि हसत होती.

मी म्हटलं, ताई, तो स्टुडिओ फोमचा आहे. फोमवर टकटक होत नाही.

ती म्हणाली, माहीत आहे.

मला दुसरं काही सुचेना. शेवटी म्हणालो की असं काहीतरी विचार, जे फक्त भाऊजींनाच ठाऊक आहे. खात्री तरी होईल.

तिने कप खाली ठेवला. चेहऱ्यावरची सगळी चमक गेली. कितीतरी वेळ ती त्या दुसऱ्या कपाकडे बघत राहिली.

“विचारलं आणि उत्तर चुकलं तर?” ती म्हणाली.



त्यानंतर मी रोज जायचो. कधी डबा घेऊन, कधी बायकोला घेऊन. ताई गोड बोलायची, दोन घास खायची, आणि आम्ही कधी उठतोय याची वाट बघायची. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या तिने घेतल्या नाहीत. झोपले तर कळणार कसं, म्हणाली.

मग मार्च उजाडला आणि त्या मंगळवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. जमलं तर या, एवढंच म्हणाले.

सहाव्या भागाचं शेवटचं प्रकरण त्या दिवशी होतं. मास्तरांनी ते आधी वाचून ठेवलं होतं. त्यात भूत शेवटचं दार वाजवतं. विचारतं, कायमचं येऊ का? आणि मुलगी म्हणते, ये. माझं जे आहे ते तुझं. मग तो जिवंत होतो, केक कापतात, संपलं. ऐकणारे खूश.

पण ताईने सकाळी मास्तरांना बजावलं होतं. तेवढं वाक्य मी एकदाच वाचणार. पुन्हा घ्यायला सांगू नका. ते मी माझं म्हणून वाचणार आहे.

मी दुकान तसंच टाकून धावलो.

पोचलो तेव्हा ती आत बसली होती. दार बंद. लाल दिवा चालू. मास्तरांनी न बोलता दुसरा हेडफोन माझ्या हातात दिला.

ताई सुंदर वाचत होती. खरं सांगतो, मी ते पुस्तक त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते भूत त्या मुलीला पिठाने माखलेली बघून म्हणतं की दोघांत भूत नक्की कोण? मला हसू आलं. त्या अवस्थेतही आलं. कुणीतरी डोक्यावरून हात फिरवावा तसं वाटलं क्षणभर. आणि ताई का अडकली ते मला तेव्हा कळलं.

मग शेवटचं पान आलं.

ताई थांबली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. काचेपलीकडे ताईने टॅब उलटा करून मांडीवर ठेवला. माईकच्या जवळ गेली.

“अहो,” ती म्हणाली.

हे पुस्तकातलं नव्हतं.

“आठवतं का... आपण समुद्रावर गेलो होतो. लग्नानंतर. तुम्ही मला पोहायला शिकवलंत.”

भाऊजी पाण्याला जन्मभर घाबरले. गुडघाभर पाण्यात कधी उतरले नाहीत. समुद्रावर ते दोघं कधी गेलेच नव्हते.

हेडफोनमध्ये शांतता.

मग...

टक.

एकदा. लाकडावर बोट वाजवावं तसं. इतकं जवळून, की मी मागे वळून पाहिलं.

ताईने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. मला वाटलं ती कोसळेल. पण ती तशीच बसून होती. नंतर तिने मला सांगितलं की शंका तिला आधीपासून होती. भाऊजी कधी पहिल्या फटक्यात हो म्हणायचे नाहीत. जेवायला वाढू का विचारलं तरी आधी नाही म्हणायचे. आणि दोन महिन्यांत याने एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. तिला हवं ते, हवं तेव्हा, हो.

“तुम्ही ते नाही,” ताई म्हणाली. आवाज अगदी सपाट.

टक.

हो.

मास्तरांच्या तोंडून काहीतरी निघालं. मी काचेवर थापा मारल्या. ताईने माझ्याकडे पाहिलंच नाही.

“मग जा,” ती म्हणाली.

काही नाही.

मी समोरच्या, आवाज दाखवणाऱ्या मीटरकडे बघत होतो. हिरवी रेघ सपाट पडली होती. ताईचा श्वाससुद्धा त्यावर दिसत नव्हता. सेकंद जात होते. पाच. दहा. मला वाटलं, गेलं.

टक.

...

टक.

मी दाराकडे झेपावलो. त्या दाराला कडी नाही. नुसतं लोहचुंबक आहे, लहान मूल उघडेल. ते उघडेना. मास्तर आले. दोघांनी मिळून ओढलं. ते अडकलेलं नव्हतं, ते जाणवत होतं हाताला. थोडं यायचं आणि परत जायचं.

आतून कुणी धरावं तसं.

मी ताईला हाका मारत होतो. आतून उत्तर नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मास्तर म्हणतात मिनिटभर. मला तो तास वाटला.

मग दार एकदम सुटलं आणि मी मास्तरांच्या अंगावर पडलो.

ताई दारात उभी होती. कोरडे डोळे. टॅब हातात. चल, म्हणाली, आणि बाहेर आली.

पण दार तिने लगेच सोडलं नाही.

आपल्या मागून कुणी येत असलं की आपण दार धरून थांबतो ना... तशी ती थांबली. एक क्षण. मग सोडलं.

मी नंतर तिला हे विचारलं. तिला आठवत नाही.

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली. अर्ध्या वाटेवर एकदाच बोलली. “सव्वा वर्ष त्या रिकाम्या घरात अहो, अहो करत हिंडले. नाव घेऊन हाक कधी मारलीच नाही मी. ज्याला ऐकू गेलं, तो आला.”

त्या दिवसापासून ताई आमच्याकडे राहते. घर बंद आहे. काम सोडलं. शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणीतरी वाचलं. त्या बाईंना त्या खोलीत काहीही त्रास झाला नाही.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिथे नाही, तर मग कुठे?

मास्तरांनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग एकदाच ऐकलं आणि पुसून टाकलं. मला म्हणाले, त्यावर टकटक नाही. ताई आहे, तुमच्या काचेवरच्या थापा आहेत, सगळं आहे. जिथे टक ऐकू आली, त्या चार जागी मात्र काहीच नाही. प्रत्येक रिकाम्या खोलीला स्वतःचा एक बारीक आवाज असतो, माईक तो पकडतो. त्या चार जागी तोही नव्हता. कपड्याला भोक पडावं तसं.

मास्तरांनी आता ती नोकरी सोडली आहे. लग्नाचे व्हिडिओ जोडून देतात.

ताईचं वजन भरलं. माझ्या बायकोशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडते, पोरांच्या उच्चारांतल्या चुका काढते. आम्हाला वाटलं, सुटलो.

गेल्या आठवड्यात मी दुकानात जायला निघालो होतो. ती बुटांपाशी येऊन उभी राहिली. येताना एक पुस्तक आणशील का, म्हणाली. सातवा भाग आलाय.

मी घालायला घेतलेला बूट खाली ठेवला. म्हटलं, ताई, ते भाऊजी नव्हते.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पण कुणीतरी होतं रे. मी बोलत असताना कुणीतरी माझं ऐकत होतं.”

मी पुस्तक आणलंय. का आणलं, मला विचारू नका. दुकानात काचांच्या खोक्यांखाली पडून आहे, चार दिवस झाले. काल जेवताना तिने विचारलं नाही. नुसतं माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी मान खाली घालून जेवत राहिलो.